बशीतली टिप, वहीतला पगार

वाढप्याचा पगार ठरवताना त्याला मिळणारी टिप मालकाला हिशेबात धरता येते का? कायद्याचे उत्तर सरळ आहे: येत नाही. किमान वेतन मालकाने आपल्या गल्ल्यातून द्यायचे असते. गिऱ्हाइकाने बशीत ठेवलेले दहा-वीस रुपये हा गिऱ्हाईक आणि वाढपी यांच्यातला व्यवहार असतो. तरीही ढाब्यावर नवा पोरगा कामाला लागतो तेव्हा बोलणे जवळपास ठरलेलेच असते. राहून-खाऊन महिन्याचे इतके, आणि वर सुटतीलच. या ‘वर सुटतीलच’ने पगार दोन-तीन हजारांनी खाली येतो. कागदावर त्याची कुठे नोंद होत नाही आणि पोरगाही ते रास्तच मानतो. टिपवर जगणाऱ्या कामगारांच्या हक्काचा प्रश्न महाराष्ट्रात तपासायचा असेल तर सुरुवात या वाक्यापासून करावी लागते.

हा आढावा वळसंग डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर आहे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेली पुण्या-मुंबईची, लातूर-धाराशिवकडची माणसे याच रस्त्याने जातात. गुरुवारी, पौर्णिमेला, दत्तजयंतीला गाड्यांची रांग लागते. अशा रस्त्यावर चहाची टपरी, खानावळ, ढाबा, पेट्रोल पंप आणि पंक्चरचे दुकान यांची साखळी आपोआप उभी राहते, आणि त्यात काम करणारी माणसे आसपासच्या गावांतून, सीमेपलीकडच्या कलबुर्गी भागातून, कधी उत्तरेकडून आणि नेपाळमधून येतात. टेबलाजवळ मराठी, स्वयंपाकघरात कन्नड आणि भट्टीपाशी हिंदी ऐकू येते. पगाराचा दर मात्र यांतल्या कुठल्याच भाषेत भिंतीवर लावलेला सहसा दिसत नाही.

वळसंगची निवड आणखी एका कारणासाठी केली. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावी आले होते आणि दलित वस्तीतल्या विहिरीचे पाणी त्यांनी स्वतः शेंदले होते. ती विहीर आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे नऊ वर्षांनी, एप्रिल 1946 मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले. ते मंजूर होऊन कायदा झाला तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि मजूरमंत्रिपदी जगजीवनराम होते. 15 मार्च 1948 पासून तो अमलात आला. पाण्यावरचा हक्क आणि मजुरीवरचा हक्क या दोन्ही गोष्टींशी एकाच माणसाचा संबंध ज्या गावात जोडता येतो, तिथे मजुरीचा दर कुणाला ठाऊक नसावा, हे मला सलते.

1948 चा कायदा सगळ्या कामांना लागू नव्हता. त्याला एक अनुसूची जोडली होती आणि तिच्यात नाव असलेल्या धंद्यांनाच दर ठरवून मिळत. पहिल्या यादीत तेलाच्या गिरण्या, कातडी कमावण्याचे कारखाने, दगडफोड, रस्ते-इमारतींची कामे, लाख, अभ्रक, शेती आणि विडीसह तंबाखूचे कारखाने होते. हॉटेल आणि खानावळ नव्हती. राज्यांना यादी वाढवण्याचा अधिकार होता. तो वापरून हॉटेल, उपाहारगृह आणि खाद्यगृहातले काम नंतर आपल्या राज्यात यादीत आले. म्हणजे सोलापूरची विडी कामगार बाई पहिल्या दिवसापासून कायद्यात होती आणि त्याच रस्त्यावरचा वाढपी नंतर आला. हा फरक आजही जाणवतो. त्याकडे पुढे येईन.

दर कसा ठरतो, हेही पाहायला हवे. मालक आणि कामगार यांचे सारख्या संख्येने प्रतिनिधी आणि काही तटस्थ सदस्य अशा समितीच्या किंवा मंडळाच्या सल्ल्याने शासन प्रत्येक उद्योगासाठी अधिसूचना काढते. कामाची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असते, आणि प्रत्येक वर्गाचा मूळ दर परिमंडळाप्रमाणे वेगळा असतो. या मूळ दरावर महागाईशी जोडलेला विशेष भत्ता मिळतो. तो साधारणपणे 1 जानेवारी आणि 1 जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. महागाई मोजण्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात, आणि देशभरात ज्या शहरांतले भाव त्यासाठी नोंदवले जातात त्यांत सोलापूर आहे. मंगळवार पेठेसारख्या बाजारातला ज्वारीचा, तुरीच्या डाळीचा, गोड्या तेलाचा भाव चढला की त्याचा अंश राज्यभरातल्या कामगारांच्या भत्त्यात उतरतो. मूळ दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात अनेक उद्योगांत तो वर्षानुवर्षे रखडला आहे. तेवढ्या काळात भत्ता वाढत राहतो आणि मूळ पगार तिथेच राहतो.

माझी खरी तक्रार परिमंडळाबद्दल आहे. बहुतेक अधिसूचनांत महानगरपालिकेची हद्द वरच्या परिमंडळात, नगरपालिका त्याखाली आणि उरलेला ग्रामीण भाग शेवटी असतो. त्यामागचा विचार असा की खेड्यात राहणे स्वस्त असते. शेतमजुराच्या बाबतीत तो एके काळी चालला असेल. पण अक्कलकोट रस्त्यावरच्या ढाब्यावर जेवणारे गिऱ्हाईक शहराचे असते, ताटाचा भाव शहराच्या बरोबरीने असतो, गॅस, तेल, पनीर शहरातूनच येते. सोलापूर महानगरपालिकेची हद्द ओलांडली की फक्त एकच वस्तू स्वस्त होते, ती म्हणजे वाढप्याचा दिवस. तोच माणूस तेच ताट सोलापुरात वाढायला गेला तर त्याचा कायदेशीर दर जास्त. वळसंगला वाढले तर कमी. शिवाय गावात त्याला घरभाडे कमी पडत असले तरी दवाखान्याला, पोरांच्या कॉलेजला सोलापूरलाच जावे लागते आणि त्या प्रवासाचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात. स्थानिक दर ही कल्पना मुळात चांगली आहे. महाग जागी जास्त दर मिळावा, म्हणून ती आली. आपल्याकडे हद्दीची रेघ महागाईवरून काढली जात नाही, ती कारभाराच्या नकाशावरून काढली जाते. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांलगतच्या हॉटेलांना जवळच्या शहराचे परिमंडळ लावावे, ही मागणी कुठल्याही सल्लागार मंडळापुढे ठामपणे मांडण्यासारखी आहे.

दर पुरेसा कशाला म्हणायचे, याचेही उत्तर आपल्याकडे जुने आहे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने एका कमावत्यामागे तीन प्रौढांइतका खर्च धरला. प्रत्येकी 2700 उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी पाचवा हिस्सा. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के जोडायला सांगितले. या पायावर केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने जानेवारी 2019 मध्ये 375 रुपये रोज सुचवले, तेही 2018 च्या भावाने. केंद्राचा राष्ट्रीय किमान पातळीचा दर तेव्हा होता 176 रुपये. 1996 साली तो 35 रुपयांवर सुरू झाला होता. तो पाळायचे बंधनही राज्यांवर नव्हते. पुढे 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 312 रुपये ठरला. म्हणजे 2018 च्या भावाने तज्ज्ञांनी काढलेला आकडा सात वर्षांनीही सरकारच्या स्वतःच्या कामावर गाठला गेला नाही.

आता ढाब्याचा हिशेब. समजा, ‘राहून-खाऊन’ महिना नऊ हजार ठरले. सकाळी अकराला काम सुरू झाले की रात्री बारापर्यंत. रोजचे तेरा तास, सुट्टी नाही, म्हणजे महिन्याचे 390 तास. तासाला 23 रुपये पडले. सत्पथी समितीचा रोज आठ तासांनी भागला तर जवळपास 47 येतात. यातही ठरलेल्या तासांवरचे काम दुप्पट दराने मोजायचे असते आणि आठवड्याची सुट्टी द्यायची असते. मालक म्हणेल, जेवणाचे आणि झोपायच्या जागेचे पैसे कुठे गेले? 1948 च्या कायद्याने किमान वेतन रोखच द्यायला सांगितले होते, वस्तूरूपात काही द्यायचे तर शासनाची परवानगी लागत असे. नव्या वेतन संहितेत वस्तूरूप मोबदला एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतन म्हणून धरता येतो. दोन वेळची भात-भाजी आणि टेबलांमधली झोपण्याची जागा यांच्या नावावर अर्धा पगार कापण्याची मुभा कोणत्याच कायद्यात नव्हती आणि आजही नाही.

टिपबद्दलचे आपले न्यायनिवाडे मोठ्या हॉटेलांच्या भांडणांतून आले आहेत. 1976 साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ग्राहकांकडून कामगारांसाठी आलेले पैसे व्यवस्थापनाने आपल्या उत्पन्नातून दिले, असे मानता येत नाही. चाळीस वर्षांनी, 26 एप्रिल 2016 रोजी, आयटीसीच्या खटल्यात प्रश्न होता कराचा. क्रेडिट कार्डावर आलेली टिप मालकाने कामगारांना वाटली तर ती पगार धरून तिच्यावर मालकाने कर कापायचा का? न्यायालय म्हणाले, नाही. टिप देणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असते, मालकाकडून ती मागण्याचा हक्क कामगाराला नोकरीच्या कराराने मिळत नाही, म्हणून ती पगार नाही. दोन्ही खटले थेट किमान वेतनाचे नव्हते, हे मान्य. पण 1948 च्या कायद्यातली वेतनाची व्याख्याही नोकरीचा करार पाळला तर जे देणे लागते त्याचीच आहे. कराच्या बाबतीत टिप पगार नसेल, तर पगार भरून काढायच्या वेळी ती अचानक पगार होऊ शकत नाही. टिप गोळा करून मालकाने गल्ल्यात टाकली तर तो दुसऱ्याचे पैसे ठेवून घेतो आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला गेला, आणि तिथले उदाहरण आपल्याकडच्या काही हॉटेलमालकांना फार आवडते. 1966 च्या दुरुस्तीपासून तिथल्या संघीय कायद्यात मालकाला टिपचा काही भाग किमान वेतनात धरता येतो. टिप मिळवणाऱ्याला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त 2.13 डॉलर द्यायचे, उरलेले टिपमधून पुरे झाले की झाले. हा आकडा 1991 पासून जागचा हललेला नाही. सर्वसाधारण संघीय किमान वेतनही 2009 पासून 7.25 डॉलरवर थांबले आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा यांच्यासारख्या सात राज्यांनी ही सवलत नाकारली. तिथे वाढप्याला पूर्ण किमान वेतन मिळते आणि टिप त्याच्या वर. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांनी राज्याच्याही पुढे जाऊन आपला स्थानिक दर ठरवला. तिकडे शिकायला गेलेली आपल्या घरातली मुले हॉटेलात काम करतात तेव्हा त्यांचा पगार राज्याची सीमा ओलांडताच कसा बदलतो, हे त्यांना चांगले कळते. ब्रिटनने ऑक्टोबर 2009 पासून टिप किमान वेतनात धरायला बंदी केली आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून मालकाने सगळी टिप कामगारांपर्यंत पोचवावी, असा कायदा लागू केला. भारतीय कायद्याने टिपची सवलत मालकाला कधी दिलीच नाही. कागदावर आपण त्या 2.13 डॉलरपेक्षा पुढे आहोत. पण तिथला हिशेब निदान कागदावर असतो, म्हणून तो कोर्टात तपासता येतो. आपल्याकडची कपात तोंडी होते.

टिप पोचते तरी कुणापर्यंत? टेबलाशी जो उभा असतो त्याच्यापर्यंत. तंदूरजवळचा वस्ताद, कांदा चिरणारा, भांडी घासणारी मावशी, मागच्या पडवीत भाकरी थापणाऱ्या बायका, यांच्यापर्यंत क्वचितच. सोलापूरच्या जेवणाची ओळख काय, तर कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाची आमटी. गिऱ्हाईक ज्या चवीसाठी थांबते ती या बायकांच्या हातची असते, आणि तिचे बक्षीस समोर ताट ठेवणाऱ्याला मिळते. भाकरीचे काम पुष्कळदा नगावर दिले जाते, शेकड्याला इतके. नगावरच्या कामालाही किमान वेतनाची हमी असते. दिवसभर काम करून जी रक्कम हाती येते ती दिवसाच्या किमान दराखाली गेली, तर फरक मालकाने भरायचा असतो. शेकड्याचा भाव कधी वाढला, तो तासाला किती पडतो, पीठ आणि सरपण कुणाचे, हे विचारणारा कुणी नसतो. टिप वाटून घेण्याची पद्धत काही हॉटेलांत आहे. दिवसाच्या शेवटी डबा उघडून सगळ्यांत हिस्से करतात. ती पद्धत लेखी असावी आणि डब्याचा हिशेब कामगारांच्याच हातात असावा, असे मला वाटते. मालक किंवा मॅनेजर वाटेकरी झाला की डब्यावरचा विश्वास उडतो.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच, वळसंगच्या अलीकडे, कुंभारी आहे. तिथे विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरांची, 2006 साली पुरी झालेली. जानेवारी 2024 मध्ये तिथेच रे नगरची पहिली पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या ताब्यात गेली. दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेचा अनेक वर्षांचा लढा आहे. या वसाहतींमधल्या विडी वळणाऱ्या बाईला विचारा, हजार विडीला काय मिळते? ती पैशासकट सांगेल. पत्ता किती दिला, तंबाखू किती, छाट किती काढली, लॉगबुकवर नोंद झाली की नाही, प्रॉव्हिडंट फंडाची पावती आली का, हे सगळे तिला पाठ असते. तिला पूर्ण किमान वेतन मिळते, असे नव्हे. विडी मालक आणि संघटना यांच्यातला दराचा झगडा सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अधिसूचनेतला दर आणि हाती पडणारा दर यांत अंतर राहिलेच. पण किती कमी मिळाले, हे तिला मोजता येते. वाढप्याला मोजता येत नाही, कारण आपला दर काय आहे हेच त्याला कुणी सांगितलेले नसते. कारखान्याच्या ब्रँचवर रोज शेकडो बायका एका रांगेत उभ्या राहतात, एकमेकींचा दर ऐकतात. ढाब्यावर पाच-सात माणसे असतात, वेगवेगळ्या गावची, चार महिन्यांनी बदलणारी. मालकाच्या मागच्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाने त्याच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणजे रात्रीचा निवारा घालवायचा. हॉटेल कामगारांची संघटना बांधताच येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. जॉर्ज फर्नांडिस यांनी आधी मंगळूरला आणि पुढे मुंबईत हॉटेल कामगारांना एकत्र आणले होते. ती शहरे होती, आणि रस्त्याकडेच्या हॉटेलांपर्यंत ते काम कुणी पुढे नेले नाही.

पगार कमी ठरवण्याखेरीज तो ठरल्यानंतर कापण्याच्याही रीती आहेत. ग्लास फुटला, प्लेट हरवली, गिऱ्हाईक बिल न देता निघून गेले, की ते वाढप्याच्या नावावर. कायदा इथे स्पष्ट आहे. कामगाराच्या ताब्यात दिलेली वस्तू त्याच्याच हलगर्जीपणामुळे गेली असेल, आणि त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिली असेल, तरच प्रत्यक्ष नुकसानाइतके कापता येते. दंड करायचा तर तोही आधी लेखी नियम लावून आणि पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंतच. पळून गेलेल्या गिऱ्हाइकाचे बिल हा धंद्याचा धोका आहे, तो वाढप्याचा नाही. उचल हा दुसरा फास. गावाकडे लग्न असते, आजारपण असते, मालक दहा-वीस हजार देतो. ते फिटेपर्यंत जाता येत नाही असे झाले, तर तो प्रकार 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यापर्यंत जातो. सर्वोच्च न्यायालयाने तर 1982 च्या आशियाड खटल्यात याहून पुढचे सांगितले: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे हीच राज्यघटनेच्या 23 व्या कलमाखालची वेठ. न्यायमूर्ती भगवतींच्या त्या निकालाने कमी पगाराचा प्रश्न मालक-नोकराच्या घासाघिशीतून काढून मूलभूत हक्कांत नेला. मालकाची ऐपत नाही, ही सबब तर त्याच्याही आधी, 1961 च्या उनिचोयी खटल्यात नाकारली गेली होती.

टेबल पुसणाऱ्या पोराबद्दलही बोलायला हवे. ढाबे, हॉटेले आणि घरकामात चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीने ती सर्वच कामांना लागू केली. अशा मुलाला ‘शिकाऊ आहे, टिपवरच असतो’ म्हणून बिनपगारी ठेवले जाते. तिथे किमान वेतनाचा प्रश्नच उरत नाही, गुन्ह्याचा उरतो.

सेवा शुल्काचा वाद वळसंगला फारसा लागू नाही, तो मोठ्या शहरांतला आहे. बिलात आपणहून पाच-दहा टक्के लावू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढली, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. हॉटेलमालकांच्या संघटनांचा दावा होता की हे पैसे कामगारांना जातात. जात असतील तर ते पगारपत्रकात दाखवणे कठीण नव्हते. रस्त्यावरच्या हॉटेलांना मोठा फटका बसला तो क्यूआर कोडचा. गिऱ्हाईक आता गल्ल्यावरच्या कोडला बरोबर बिलाची रक्कम पाठवते. बडीशेपच्या बशीत सुट्टे पैसे उरतच नाहीत. टिप धरून पगार ठरवला होता, टिप आटली, पगार वाढला नाही. या बदलाची किंमत कुणी मोजली असेल तर ती वाढप्याने. घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलांची स्थिती आणखी बिकट आहे. ती कामगार म्हणून गणलीच जात नाहीत, म्हणून किमान वेतन त्यांना लागू होत नाही, आणि ॲपवरची टिप त्यांच्या कमाईचा मोठा आधार होऊन बसते.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1948 चा कायदा तिच्यात विलीन झाला. जुन्या अधिसूचनांतले दर नवे येईपर्यंत चालू राहतात. या संहितेत कामगाराच्या बाजूने तीन मोठ्या गोष्टी आहेत. अनुसूची गेली, आता किमान वेतन प्रत्येक कामाला लागू आहे. दावा करण्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, ती तीन वर्षे झाली. आणि पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आली. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. ज्या कामात कागदच नसतो, तिथे कागद नसल्याची शिक्षा आजवर कामगारालाच होत होती. आता हजेरीची वही आणि पगाराची पावती न ठेवणारा मालक स्वतःच अडचणीत येतो. घरगुती किंवा शेतीच्या कामावर पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवहीतून सूट आहे, हॉटेलाला ती नाही. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले होते. त्यावरून पुष्कळ छोटे हॉटेलवाले समजतात की किमान वेतनही आपल्याला लागू नाही. ही समजूत चुकीची आहे. एकच माणूस कामाला असला तरी दर लागू होतो.

संहितेची दुसरी बाजू मला काळजीची वाटते. जुन्या केंद्रीय कायद्यात कमी पगाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपये दंड होता. दंड हास्यास्पद होता पण कैदेची भीती होती. आता पहिल्या गुन्ह्याला 50 हजारांपर्यंत फक्त दंड आहे आणि पाच वर्षांत पुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. संहितेच्या इतर उल्लंघनांत खटला भरण्याआधी मालकाला सुधारण्याची संधी द्यायची आहे. निरीक्षकाचे नावही बदलून निरीक्षक-नि-सुविधाकार झाले आणि तपासणी संगणकीय निवडीने होणार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1947 चा तपासणीविषयक करार भारताने 1949 साली मान्य केला आहे. निरीक्षकाने पूर्वसूचना न देता कामाच्या जागी जाता यावे, हा त्याचा गाभा. जिथे कामगार तक्रार करू शकत नाही तिथे अचानक येणारा निरीक्षक हाच त्याचा आवाज असतो. एका जिल्ह्यातल्या हजारो हॉटेलांसाठी असे अधिकारी मोजकेच असतात. त्यांना आणखी बांधून टाकणे मला पटत नाही.

दर भिंतीवर लावणे मालकाचे कर्तव्य आहे, संहिता तसे सांगते. वळसंगसारख्या ठिकाणी तो मराठी, कन्नड आणि हिंदीत, ताटाच्या भावाच्या पाटीशेजारीच असावा. गिऱ्हाइकाने तो वाचला तरी चालेल. हॉटेलाला ना-हरकत दाखला देताना ग्रामपंचायत ही पाटी मागू शकते, आणि ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

ज्याला आज दावा करायचा आहे त्याच्यासाठी शेवटी थोडे कामाचे. अर्ज सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करायचा. कामगार स्वतः करू शकतो, नोंदणीकृत संघटना त्याच्या वतीने करू शकते. कमी दिलेली रक्कम तर मिळतेच, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. कमी पगाराला आपणच संमती दिली होती, तसे सही करून दिले होते, तरी बिघडत नाही. किमान वेतनाखालचा करार बाद असतो. काम सोडले किंवा काढून टाकले तर दोन कामकाजी दिवसांत सगळा हिशेब मिळायला हवा. पुरावा म्हणून रोज कामाला कधी लागलो आणि कधी सुटलो हे मोबाइलवर किंवा वहीत लिहून ठेवावे, मालकाने पाठवलेल्या पैशांचे मेसेज पुसू नयेत, हॉटेलच्या बिलाचा आणि कामावरचा एखादा तारखेसह फोटो ठेवावा. टिप किती मिळाली, ते या अर्जात लिहायची गरज नाही.